मुदतीचें घर

'घर पाहावें बांधून, लग्न पाहावें करून' ही म्हण आमच्या वाचकांनीं लहानपणापासून ऐकलेली आहे. ज्या वडील मंडळींनीं ती प्रचारांत आणिली त्यांस, घर आणि लग्न हीं दोन्ही प्रकरणें एकाच कागदांत एकत्र येऊं शकतात, याची कल्पना असण्याचें कारण नव्हतें. आम्हांसही ती गेल्या भाद्रपदापर्यंत नव्हती. लंडनमधील एका दोन खोल्यांच्या फ्लॅटानें ती आम्हांस करून दिली. आणि त्या प्रकरणीं आमच्या घरीं जो दोन अडीच महिने खल झाला, त्यांतून जें शिकावयास मिळालें तें या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे मुलगे, मुली, पुतणे, भाचे आज इंग्लंडांत घरें करून राहिलेले आहेत. तेव्हां हा विषय त्यांस परका वाटणार नाहीं.

हकीकत अशी. आमच्या वडील बंधूंचे चिरंजीव गेलीं पुष्कळ वर्षें लंडनला असतात. २०१२ सालीं त्यांनीं तेथें एक फ्लॅट घेतला. त्याच वर्षीं दादा नोकरींतून निवृत्त झाले होते. हातीं आलेल्या पुंजीचा मोठा वांटा त्यांनीं मुलाच्या घराकरितां पाठविला, आणि 'आपलें घर झालें' म्हणून शेजारींपाजारीं पेढे वांटले. आतां संसार वाढला, दोन खोल्या पुरेनात, म्हणून चिरंजीवांनीं तें घर विकावयास काढलें. गिऱ्हाईक आलें, भाव ठरला, आणि पंधरा दिवसांनीं गिऱ्हाईकाच्या वकिलानें एकच प्रश्न विचारून बोलणें थांबविलें. प्रश्न एवढाच कीं, पट्ट्याचीं वर्षें किती उरलीं? कागद काढून पाहिला, तों पट्टा ९९ वर्षांचा आणि १ जानेवारी २००७ पासून सुरू झालेला. म्हणजे ८० वर्षें आणि वर जेमतेम चार महिने. गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीं हें वर्तमान आमच्या घरीं येऊन पोंचलें. दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "म्हणजे मीं मुलाला घर घेऊन दिलें नाहीं, भाड्यानें घेऊन दिलें."

दादांचें हें म्हणणें कायद्याच्या दृष्टीनें पुष्कळ अंशीं खरें होतें, आणि म्हणूनच तें आम्हां सर्वांस लागलें. यांत कोणी कोणास फसविलें नव्हतें. मुदत कागदाच्या आरंभींच लिहिलेली होती. ती वाचून तिचा अर्थ विचारण्याचें तेवढें राहून गेलें होतें.

इंग्लंड आणि वेल्स या देशांत 'घर विकत घेणें' या शब्दांचे दोन अर्थ आहेत. पहिला फ्रीहोल्ड, त्यांत जमीन व तिजवरील इमारत कायमची आपली होते. दुसरा लीजहोल्ड, त्यांत मूळ मालकी दुसऱ्याचीच राहते आणि आपणांस ठरावीक वर्षांचा पट्टा मिळतो. मुदत संपली कीं घर मूळ मालकाकडे परत जावयाचें, हें त्या पट्ट्याचें बीज आहे. स्वतंत्र बंगल्यांचा व्यवहार बहुधा पहिल्या प्रकारानें होतो. फ्लॅटांचा जवळजवळ सर्व दुसऱ्या प्रकारानें. असें होण्याचें एक कारण तेथील कायद्यांतच आहे. पैसे खर्चून अमुक दुरुस्ती करीत जावी, अशी अट फ्रीहोल्ड मालमत्तेच्या पुढच्या खरीददारावर सहसा बांधून राहत नाहीं. पट्ट्यांत ती राहते. वरच्या मजल्याचें छप्पर गळलें तर खर्च कोणीं द्यावयाचा, हा प्रश्न जेथें रोजचा, तेथें पट्टाच सोयीचा ठरला. आज एकट्या इंग्लंडांत असलीं पट्ट्याचीं घरें सुमारें ५० लक्ष आहेत. स्कॉटलंडांत मात्र घरांच्या बाबतींत ही चाल जवळजवळ नाहींच.

पट्टा ९९० वर्षांचा असला तर विचार करण्याचें कारण नाहीं. पण तो ९९ किंवा १२५ वर्षांचा असला, तर कृष्णपक्षांतील चंद्राप्रमाणें तो दररोज थोडा थोडा क्षीण होत असतो. घराच्या भिंती तशाच, रंगही तसाच, शेजारही तोच. परंतु आपण जें विकत घेतलें तें, म्हणजे वर्षें, मुकाट्यानें कमी होत जातात. पट्टा आंखूड झाला कीं कर्ज देणाऱ्या संस्था मागें सरतात, आणि कर्ज मिळत नाहीं म्हणून गिऱ्हाईकही मागें सरतें. आमच्या चिरंजीवांचें नेमकें हेंच झालें.

यावर उपाय नाहीं असें मात्र नाहीं. १९६७ सालीं तेथील पार्लमेंटानें स्वतंत्र घरांच्या पट्टेदारांस मूळ मालकी विकत घेण्याचा हक्क दिला. लंडनच्या ऐन मध्यांतील विस्तीर्ण जमिनीचे धनी जे वेस्टमिन्स्टरचे ड्यूक, त्यांच्या इस्टेटीच्या विश्वस्तांनीं या कायद्याविरुद्ध थेट स्ट्रासबुर्ग येथील मानवी हक्कांच्या न्यायालयापर्यंत दाद मागितली. १९८६ सालीं ती फेटाळली गेली. पुढें १९९३ च्या कायद्यानें फ्लॅटांच्या पट्टेदारांसही हक्क मिळाला. योग्य ती किंमत दिल्यास उरलेल्या मुदतींत आणखी ९० वर्षांची भर घालून नवा पट्टा देणें मूळ मालकास भागच आहे. शिवाय त्या दिवसापासून भुईभाडें बंद. त्याऐवजीं कागदावर 'मिरीचा एक दाणा' एवढें नांवाचें भाडें राहतें. हक्क मिळण्यास पूर्वीं दोन वर्षांची मालकी लागत असे. ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून काढून टाकण्यांत आली.

किंमत कशी ठरते, हें आमच्या सूनबाईंनीं समजावून सांगितलें. त्या सनदी लेखापाल आहेत, आणि घरांत मोठीं माणसें भावनेनें बोलूं लागलीं कीं त्या शांतपणें पेन्सिल घेऊन बसतात. त्यांनीं दादांजवळ बसून वहीवर मांडलेला हिशेब आम्ही येथें उतरून देतों. फ्लॅटाची किंमत ४,००,००० पौंड व भुईभाडें दरसाल १०० पौंड धरा. मूळ मालकाच्या हातून दोन गोष्टी जातात. एक, ८० वर्षांचें भुईभाडें. शेंकडा ६ च्या दरानें त्याची आजची किंमत सुमारें १,६५० पौंड. दुसरी, ८० वर्षांनीं परत मिळणारें घर. ४,००,००० पौंड ८० वर्षांनीं हातीं यावयाचे असतील, तर आज त्यांची किंमत काय? चक्रवाढ व्याज उलटें चालवावें म्हणजे उत्तर मिळतें. फ्लॅटांच्या बाबतींत हा दर शेंकडा ५ धरावा, असें तेथें २००६ सालच्या एका निवाड्यानें रूढ झालें आहे. त्या दरानें उत्तर येतें सुमारें ८,०७० पौंड. दोन्हींची बेरीज ९,७०० पौंडांच्या आसपास.

"आणि वर्षभर थांबलों तर?" दादांनीं विचारलें. "व्याजाचे चारदोनशें वाढतील, एवढेंच ना?"

सूनबाई म्हणाल्या, "नाहीं, मामंजी. मग लग्नाचा खर्च येतो."

येथें आमच्या वहिनी, ज्या इतका वेळ केवळ ऐकत होत्या, त्यांनीं हातांतील निवडण्याचें ताट खालीं ठेविलें. इंग्रजी कायद्यांत 'विवाहमूल्य' या नांवाची एक रक्कम आहे. आंखूड पट्टा आणि मूळ मालकी हीं दोन वेगळ्या हातीं असतांना त्यांची जी किंमत होते, तिच्यापेक्षां तीं एकत्र आलीं असतां जास्त होते. ही वाढ म्हणजे विवाहमूल्य; आणि तिचा निम्मा भाग पट्टेदारानें मूळ मालकास द्यावा, असा नियम आहे. मात्र २००२ च्या कायद्यानें एक सीमा घालून दिली. ८० वर्षांहून अधिक मुदत उरली असेल तर विवाहमूल्य शून्य धरावें. सीमेच्या आंत आलें कीं तें पुरतें लागू.

हिशेब पुढें चालविला. ७९ वर्षें उरलीं असतां मूळ मालकाचें नुकसान सुमारें १०,१०० पौंड. त्या वेळीं आंखूड पट्ट्याच्या फ्लॅटाची किंमत ३,७२,००० पौंड आली असें धरूं. मुदत वाढल्यावर ती ४,००,००० होते. म्हणजे वाढ २८,००० ची. त्यांतून मालकाचे १०,१०० वजा जातां राहिले १७,९००; त्याचे निम्मे ८,९५०. एकूण देणें सुमारें १९,००० पौंड. एका वर्षाच्या आळसास जवळजवळ दुप्पट दंड! शिवाय दोन्ही बाजूंच्या वकिलांचा व किंमत ठरविणाऱ्या तज्ज्ञांचा वाजवी खर्च बहुतांशीं पट्टेदाराच्याच माथीं.

वहिनी म्हणाल्या, "वधूचें वय वाढलें कीं हुंडा वाढतो असें आमच्या आजीच्या वेळीं म्हणत. आम्हीं तें मोडून काढलें. साहेबानें तें घराला लावलें म्हणावयाचें!"

इतकें कळल्यावर लगेच पाऊल उचललें जाईल असें वाचकांस वाटेल. परंतु घर ओळखीचें असो कीं परक्या मुलखांतील असो, निर्णय लांबणीवर टाकण्यास माणसाला कारणें सांपडतातच. आमच्या घरीं दोन सांपडलीं, आणि दोन्ही दिसावयास अगदीं शहाणपणाचीं होतीं. तीं मुद्दाम सांगतों.

पहिलें कारण मूळ मालकाच्या कारभाऱ्यांनींच पुरविलें. चिरंजीवांनीं त्यांस विचारतांच मोठें सौजन्यपूर्ण पत्र आलें कीं, 'नोटिशीच्या खटपटींत कशास पडतां? आपण आपसांतच ठरवूं. मुदत पुन्हा ९९ वर्षें करून देतों. ७,५०० पौंड द्या.' रक्कम कमी, भाषा गोड. आमचेंही मत क्षणभर तिकडे झुकलें, हें कबूल केलें पाहिजे. पण त्यांत मिळत होतीं १९ वर्षें, कायद्यानें मिळणार होतीं ९०. कायद्यानें भुईभाडें तत्काळ संपणार होतें, या कराराप्रमाणें तें जुन्या मुदतीभर चालूच राहणार होतें. आणि मुख्य गोष्ट अशी कीं, असल्या पत्रव्यवहारानें काळ थांबत नाहीं. दोन प्रश्न विचारले तर उत्तर तीन आठवड्यांनीं येई. त्यांतही अर्ध्याच प्रश्नाचें. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर निम्मा गेला, आणि ८० वर्षांवरचे चार महिने अडीचांवर आले. किंमत कोणत्या दिवसाची धरावयाची, तर १९९३ च्या कायद्याच्या ४२ व्या कलमाची नोटीस ज्या दिवशीं मालकास पोंचते त्या दिवसाची. गोड पत्रें कितीही आलीं गेलीं तरी ती तारीख बांधली जात नाहीं. ती बांधते फक्त नोटीस.

दुसरें कारण अधिक मोहक होतें, आणि तें आमचेंच. २४ मे २०२४ रोजीं तेथें या विषयावर एक मोठा सुधारणेचा कायदा संमत झाला. त्यांत ९० ऐवजीं ९९० वर्षांची मुदतवाढ द्यावी, विवाहमूल्य अजिबात रद्द करावें, आणि मालकाच्या वकिलाचा खर्च पट्टेदारावर सहसा टाकूं नये, अशीं कलमें आहेत. त्याविरुद्ध मोठ्या मालकांनीं लंडनच्या हायकोर्टांत धांव घेतली होती. २०२५ च्या ऑक्टोबरांत, आमच्याकडे दिवाळी आटोपते न आटोपते तोंच, त्यांचे अर्ज फेटाळल्याची बातमी आली. दादांचा चेहरा उजळला. "पाहा, देवानेंच थांबविलें. आतां कायदा येईल. विवाहमूल्यही नाहीं, कांहीं नाहीं. थांबूं या." आम्हांसही तसेंच वाटलें, आणि आम्हीं तसें लंडनला कळविलेंही.

या सल्ल्यांतील चूक सूनबाईंनीं दाखविली. कायदा संमत होणें आणि त्याचें एखादें कलम अमलांत येणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. विवाहमूल्य रद्द करणारीं कलमें २०२५ सालच्या अखेरपर्यंत अमलांत आलीं नव्हतीं. त्यांकरितां लागणारे दर अजून सरकारास ठरवावयाचे होते, आणि मालकांस वरच्या कोर्टाची वाट धरण्याचीही मोकळीक होती. तेव्हां प्रश्न 'नवा कायदा चांगला कीं जुना' असा नव्हताच. ज्याचीं ९५ वर्षें उरलीं आहेत त्यानें वाट पाहावी. त्याचें फारसें कांहीं जात नाहीं. ज्याचीं ६५ उरलीं आहेत, त्याचें विवाहमूल्य आधींच लागू झालें आहे. त्यानें विकण्याची घाई नसेल तर थांबण्याचा विचार करावा, त्यांत अर्थ आहे. पण ज्याचीं ८० वर्षें आणि दोन महिने उरले आहेत, त्यानें न आलेल्या कायद्यावर विसंबून हातांतला कायदा सोडणें म्हणजे पाऊस पडेल म्हणून घागर पालथी करून ठेवण्यासारखें आहे.

दादा त्या रात्रीं उशिरांपर्यंत ती वही घेऊन बसले होते. सकाळीं त्यांनीं स्वतः लंडनला फोन केला. आम्ही शेजारींच होतों. ते म्हणाले, "बाळ, काल मीं थांब म्हटलें तें चुकलें. नोटीस दे." एवढेंच. ज्या माणसानें आयुष्यांत मुलांपुढें आपली चूक शब्दांत कबूल केल्याचें आम्हांस आठवत नाहीं, त्याचे हे चार शब्द होते. पुढें आवाज खालीं आणून ते म्हणाले, "आणि खर्चाचें मी पाहतों." पलीकडून काय उत्तर आलें तें आम्हांस ऐकूं आलें नाहीं, पण दादांनीं उपरण्यानें डोळे पुसले, आणि नंतर सांगितलें, "नको म्हणतो. म्हणतो, बाबा, तुम्हीं घर दिलेंत, वर्षें माझीं मी घेतों."

नोव्हेंबरच्या मध्यास नोटीस गेली. तींत आपण देऊं इच्छितों ती रक्कम लिहावी लागते, आणि ती वास्तव असावी लागते. एक पौंड लिहून भागत नाहीं. मालकास उत्तर देण्यास निदान दोन महिने द्यावे लागतात. त्यानें मुदतींत उत्तर दिलें नाहीं, तर पट्टेदारास सहा महिन्यांच्या आंत कोर्टाकडून आपल्याच अटींवर पट्टा मागतां येतो. उत्तर येऊन रकमेवर मतभेद राहिला, तर त्या उत्तरानंतर दोन महिने झाल्यावर, पण सहा महिन्यांच्या आंत, न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. ही शेवटची तारीख चुकली तर नोटीस मागें घेतली असें समजलें जातें, पुन्हा देण्यास बारा महिने थांबावें लागतें, आणि किंमतीची तारीखही नवी धरली जाते. आमच्या चिरंजीवांस मालकाचें उत्तर आलें आहे. हक्क मान्य, रक्कम अमान्य. घासाघीस चालू आहे. आंकडा शेवटीं कांहींही ठरो. तो ८० वर्षांच्या वरच्या बाजूचा ठरेल, एवढें निश्चित झालें आहे.

आमच्या वाचकांनीं यांतून काय घ्यावें? इंग्लंडांत ज्यांचीं मुलेंबाळें आहेत त्यांनीं पुढच्या फोनांत हवापाण्याबरोबर एक प्रश्न विचारावा: पट्ट्याचीं वर्षें किती उरलीं? पट्ट्याची नक्कल घरीं नसेल तर तेथील जमीन-नोंदणी कचेरीकडून मिळते. वर्षें ८५ च्या खालीं असतील, तर या कामांत मुरलेला वकील व किंमत ठरविणारा तज्ज्ञ आजच गांठावा. नवें घर घेतांना भिंतींच्या रंगाआधीं मुदत पाहावी.

आणि हा प्रश्न आपल्याकडेही अगदींच गैरलागू नाहीं. मुंबईंत १८९८ सालीं स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनें आंखलेल्या दादर-माटुंग्याच्या वसाहतींत, किंवा सिडकोनें नव्या मुंबईंत ६० वर्षांच्या पट्ट्यानें दिलेल्या भूखंडांवर, आमचे किती तरी वाचक राहतात. आपल्याकडे पट्टा बहुधा जमिनीचा असतो आणि तो सोसायटीच्या नांवें असतो, म्हणून सभासदांस त्याचा विसर पडतो. नियम येथले निराळे, उपायही निराळे. पण सोसायटीच्या वार्षिक सभेंत 'आपला पट्टा कोणत्या सालीं संपतो?' असें उभें राहून विचारण्यास कोणाचीच हरकत नसावी.

जातां जातां एक गोष्ट. मागील आठवड्यांत लंडनला मेतकूट, सांडगे, पापड यांचें पार्सल गेलें. बांधतांना वहिनींनीं एक लहानशी पुडी आंत ठेविली. आम्हीं विचारलें तेव्हां म्हणाल्या, "मिरीं आहेत. दर वर्षाचा एक दाणा, ८० आणि ९० मिळून १७०. मोजून घातले आहेत. भाडें एकदांच देऊन टाका म्हणावें, पुन्हा विसरायला नको."